फिली

दक्षिण इजिप्तमध्ये आस्वानजवळ, नाईलच्या पहिल्या धबधब्यापाशी असलेले बेट आणि त्यावरील आयसिस देवीचा मंदिरसमूह. मूळ बेट आज पाण्याखाली आहे. मंदिरे शेजारच्या अगिल्किया बेटावर उभी आहेत, तरी त्यांचे नाव फिलीच राहिले.

इथे नदी काळ्या-करड्या ग्रॅनाइटच्या खडकांतून वाट काढते. दोन्ही काठांना लागून वाळवंट आहे. इजिप्त संपून न्युबिया सुरू होतो तो हाच टापू, आणि फिलीच्या दीर्घायुष्याचे कारण या सीमेतच सापडते.

इथली सर्वांत जुनी उभी वास्तू इ. स. पू. चौथ्या शतकातील, पहिल्या नेक्तानेबो राजाची आहे. मुख्य मंदिर इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक टॉलेमी घराण्यातील दुसऱ्या टॉलेमीने सुरू केले, पुढच्या टॉलेमींनी वाढवले आणि रोमन सम्राटांनी त्यात भर घातली. ट्रेजनच्या नावाने ओळखला जाणारा, १४ खांबांचा मंडप नदीतून येणाऱ्याला लांबूनच दिसतो. शेजारच्या बिग्गा बेटावर ओसायरिसची समाधी असल्याची श्रद्धा होती. दर दहा दिवसांनी आयसिसची मूर्ती नावेतून तिथे नेत आणि पतीच्या समाधीवर दुधाची धार धरत.

रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले, इतरत्र मंदिरे ओस पडली, पण इथली पूजा थांबली नाही. दक्षिणेकडील ब्लेमी आणि नोबाद लोकांची आयसिसवर निष्ठा होती आणि सरहद्द शांत ठेवायची तर त्यांना दुखावणे रोमला परवडणारे नव्हते. पाचव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या तहात त्यांना देवीची मूर्ती काही काळ आपल्या मुलखात नेण्याची मुभाही मिळाली. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मंदिर बंद केले. नंतर त्याच्या खांबांच्या दालनात सेंट स्टीफनचे चर्च भरू लागले. भिंतींवर कोरलेले क्रूस आजही दिसतात आणि टोच्यांनी छिलून काढलेले देवांचे चेहरेही.

फिलीतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र अगदी लहान आहे. हेड्रियनच्या दरवाजात मंदुलिस या न्युबियन देवाच्या आकृतीशेजारी नेस्मेतेरआखेम नावाच्या पुजाऱ्याने चित्रलिपीत काही ओळी कोरल्या. त्यांची तारीख २४ ऑगस्ट ३९४. चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला हा शेवटचा लेख. अक्षरे ओबडधोबड आहेत, जुन्या कारागिरांची सफाई त्यांत नाही. तीन हजारांहून अधिक वर्षे चाललेली लिपी या हाताशी येऊन थांबली, हे जाणून त्या भिंतीसमोर उभे राहिले की पाऊल लवकर निघत नाही. पुढे चौदाशे वर्षे ती कुणालाच वाचता येत नव्हती. तिची उकल होऊ लागली तेव्हा इथून इंग्लंडला नेलेल्या एका स्तंभावरील क्लिओपात्राच्या नावाचा आधार मिळाला.

१९०२ मध्ये आस्वानचे पहिले धरण पूर्ण झाले आणि बेट वर्षातले कित्येक महिने बुडू लागले. धरणाची उंची पुढे दोनदा वाढली. प्रवासी खांबांच्या मधून होड्या वल्हवत. जुन्या प्रवाशांनी वर्णिलेले स्तंभशीर्षांवरचे निळे-हिरवे रंग पाण्याने धुऊन नेले. हे नुकसान कधीच भरून निघणारे नाही. १९६० च्या दशकात नदीच्या वरच्या अंगाला दुसरे, उंच धरण बांधले गेल्यावर फिली दोन धरणांच्या मध्ये सापडले. तिथे पाणी रोज चढे-उतरे आणि दगड झिजवत राही.

युनेस्कोच्या पुढाकाराने १९७२ मध्ये मंदिरे हलवण्याचे काम सुरू झाले. बेटाभोवती पोलादी पत्र्यांची दुहेरी भिंत उभारून मध्ये वाळू भरली, आतले पाणी उपसले, गाळ काढला. मग सुमारे ४०,००० दगड क्रमांक टाकून सुटे केले. अगिल्कियाचा खडक सुरुंगांनी फोडून त्याला मूळ बेटासारखा आकार दिला आणि तिथे मंदिरे पुन्हा रचली. १९७९ मध्ये अबू सिंबेलपासून फिलीपर्यंतच्या न्युबियन वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९८० मध्ये फिली पुन्हा खुले झाले. मंदिरात जायला आजही होडीच करावी लागते.