करंट लावला, पण औषध कुठं गेलं?

निपाणीत वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बायकांचे अंगठे आणि मनगटं ठणकू लागली की बेळगावची फेरी ठरलेली. परत आल्यावर आमची काकू सांगते, ‘करंट लावून आले.’ ती सांगते तो करंट म्हणजे रबरी पॅड आणि मुंग्या. त्यानं ठणका दबतो, पण त्यात बहुतेकदा औषधाचा थेंबही नसतो. विजेच्या जोरावर औषध कातडीत घालणं हा वेगळा प्रकार आहे, त्याला आयंटोफोरेसिस म्हणतात.

या कल्पनेची सुरुवात थापेसारखीच झाली. 1740 च्या दशकात व्हेनिसच्या पिवाटीनं दावा केला, की काचेच्या नळीत औषध बंद करून नळीला वीज दिली की औषधाचा गुण रोग्याला लागतो. फ्रान्सचा नोले 1749 मध्ये खात्री करायला इटलीत गेला. हाती काही लागलं नाही.

खरा पुरावा दिला तो लेड्यूक या फ्रेंच डॉक्टरनं, विसाव्या शतकाच्या तोंडावर, आणि तोही क्रूर. दोन ससे एकाच तारेच्या फेऱ्यात जोडले. एकाच्या धन पॅडवर स्ट्रिक्निन हे विष, दुसऱ्याच्या ऋण पॅडवर सायनाइड. करंट सोडताच पहिला झटके येऊन मेला, दुसरा सायनाइडनं. तारा उलट जोडून पुन्हा केलं, तर ससे ठणठणीत! विष तेच, कातडी तीच, फक्त दिशा बदललेली.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत विजेनं धातूचा मुलामा चढवताना (प्लेटिंग) पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. धन भाराचा कण धन टोकापासून पळतो. म्हणून बधिर करणारं लिडोकेन धन पॅडखाली, तर सूज उतरवणारं डेक्सामेथासोन फॉस्फेट ऋण पॅडखाली. करंट एकाच दिशेचा हवा, उलटसुलट जाणारा चालत नाही. मात्रा मिलिअँपियर गुणिले मिनिटं अशी मोजतात: 4 मिलिअँपियर 10 मिनिटं म्हणजे 40. घाई करून करंट वाढवला तर कातडी भाजते, ऋण पॅडखाली जास्तच. डेक्सामेथासोनचा गुण किती येतो, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही.

पुढं शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी याच तत्त्वावर चालणारा फेंटानिल या जबरदस्त वेदनाशामकाचा पॅच आला, 2006 मध्ये मंजूर झालेला. रोग्यानंच बटण दाबायचं, 10 मिनिटांत 40 मायक्रोग्रॅम आत. 2008 मध्ये तो बाजारातून मागे घ्यावा लागला. आतल्या एका भागाला गंज चढला होता आणि बटण न दाबताच औषध सुटण्याची भीती होती.