हिर्शस्प्रुंग विकार

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी जन्मतःच नसण्याचा विकार. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो होतो. मुलग्यांत मुलींच्या सुमारे चौपट. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनला दोन बाळांची हकीकत मांडली, त्यावरून हे नाव पडले.

गर्भात पाचव्या ते बाराव्या आठवड्यांत या पेशी आतड्यातून वरून खाली, गुदद्वाराकडे सरकतात. त्यांची वाट मध्येच खुंटली तर खालचे आतडे आवळलेलेच राहते, मळ अडतो आणि वरचे निरोगी आतडे फुगते. फुगलेला भाग नजरेत भरतो म्हणून पूर्वी तोच रोगट मानून कापत, आणि त्रास परत येई. दोष खालच्या, साध्या दिसणाऱ्या भागात आहे हे ओळखून अमेरिकेतील शल्यचिकित्सक ऑर्व्हार स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये नवी शस्त्रक्रिया मांडली.

पहिली खूण म्हणजे बाळाची पहिली काळी, चिकट शी उशिरा होणे. पूर्ण दिवसांची बहुतेक बाळे ती २४ तासांत करतात. ४८ तास उलटले, पोट डब्ब झाले, हिरवी उलटी झाली, तर थांबू नये.

मराठवाड्यात नेमके इथेच निदान हुकते. शी होईना की आजी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून गुदद्वाराला लावते. या विकारात तेवढ्यानेही कोंडलेला वारा आणि मळ जोरात बाहेर पडतो, पोट बसते, घर निश्चिंत होते; दोन दिवसांनी पुन्हा तेच. आजीची माया खरी, पण देठाशिवाय शी होतच नसेल तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. बीडकडची ऊसतोड कुटुंबे हंगामात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात. तिथे हे तास मोजणार कोण? घरी येणाऱ्या आशाताईंनी पहिल्या शीची वेळ आवर्जून विचारावी.

गुदद्वारातून बेरियमचे द्रावण सोडून काढलेल्या एक्स-रेने अंदाज येतो. खात्री गुदाशयाच्या तुकड्याच्या तपासणीनेच होते. चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडतात. काही बाळांना आधी पोटावर मळासाठी पिशवी लावावी लागते. हिंगोली-धाराशिवच्या खेड्यांतून या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मोठे शहर गाठावे लागते.

सर्वांत घातक म्हणजे आतड्याचा दाह : ताप, फुगलेले पोट, घाण वासाचे जुलाब. तो शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो. अशा वेळी घुटी देत सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा.