दात दुखला तो चढताना की उतरताना?

सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतात, छाती फुगवून मोजून घेतात. दातांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. मग वैद्यकीय तपासणीत दातांवरून कुणी बाद झाला की पारावर चर्चा सुरू होते : 'दातांनी काय शत्रूला चावायचंय?'

एकेकाळी चावावं लागत होतं, पण शत्रूला नव्हे, काडतुसाला. 1857 ची चरबीची काडतुसं आपण शाळेत शिकलो. चरबीचा एवढा भडका उडाला, कारण कागदी काडतुसाचं टोक दातांनी फाडून दारू बंदुकीच्या नळीत ओतायची पद्धत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात समोरचे दात नसलेला माणूस पायदळाला नको असायचा, तोही याचसाठी.

आता काडतूस चावावं लागत नाही, तरी दात मोजतातच. आपल्या सैन्यदलांत त्याला चक्क गुण आहेत. वरचा आणि खालचा दात एकमेकांवर नीट टेकत असतील तर समोरचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला 1 गुण, दाढांच्या जोडीला 2. अक्कलदाढाही पूर्ण वाढलेल्या असल्या तर बत्तिशीचे 22 गुण होतात. निदान 14 लागतात. अन्न नीट चावता यावं हा त्यामागचा सरळ हिशोब. पण जवानाला किंवा वैमानिकाला उंचीवर पाठवायचं असेल, तर नुसती मोजणी पुरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं 25,000 फुटांवर उडू लागली. आत हवेचा दाब राखण्याची सोय बहुतेकांत नव्हती. जमिनीवर ठणठणीत असलेली माणसं वर गेली की गाल धरून बसायची, आणि खाली उतरली की दुखणं गायब! या दुखण्याला बॅरोडोन्टाल्जिया म्हणतात.

कारण विचारलं की बॉइलचा नियम सांगितला जातो : दाब कमी झाला की वायू फुगतो. महाबळेश्वरला पोचेपर्यंत वेफर्सचं पाकीट टम्म होतं, तसंच. 18,000 फुटांवर दाब जवळपास निम्मा होतो, म्हणजे मोकळ्या वायूचं आकारमान दुप्पट. 25,000 फुटांवर सुमारे पावणेतीनपट. हे बरोबर आहे, पण अर्धंच. निरोगी दातात फुगायला हवाच नसते. म्हणून निरोगी दात सहसा दुखतही नाही. दुखतो तो आधीच बिघडलेला दात, ज्याचा बिघाड जमिनीवर जाणवत नव्हता.

दाताच्या पांढऱ्या कवचाखाली डेंटिन असतं. ते दिसायला घट्ट, पण त्यात एका चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. आत, मधल्या पोकळीत, रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गर असतो. कीड लागून किंवा भरलेलं सिमेंट सैल होऊन नलिकांची तोंडं उघडी पडली, की बाहेरच्या बदलाने आतला द्रव हलतो आणि त्या हालचालीने नस चेतते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम या दंतसंशोधकाने मांडलेली ही कल्पना गार पाण्याची कळही समजावते आणि दाबाची कळ समजायलाही उपयोगी पडते. गराला सूज असेल तर आणखी पंचाईत : बोट सुजलं की फुगायला जागा असते, पण गराच्या चारी बाजूंना भिंत. गर मेलेला असेल तर त्यात जिवाणू वायू तयार करतात, आणि इथे मात्र बॉइल आपला हक्क बजावतो.

सैन्यातले दंतवैद्य म्हणूनच आधी विचारतात, 'चढताना दुखलं की उतरताना?' चढताना तीक्ष्ण कळ आली तर संशय जिवंत पण सुजलेल्या गरावर. उतरताना बोथट दुखलं तर मेलेला गर, किंवा मग दात नव्हेच, गालाच्या हाडातलं सायनस, म्हणजे तिथली हवेची पोकळी. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाशी अगदी लगत असतात. सर्दीने सायनसचं तोंड बंद झालं की दाब जुळत नाही आणि वरच्या चारदोन दाढा एकदम ठणकतात.

जाता जाता, वरची दाढ काढली की नजर जाते हा समज अजून गावोगाव आहे. मेंदूला थेट जोडलेल्या नसांना क्रमांक आहेत : दाताची संवेदना मेंदूकडे नेणारी नस पाचवी, नजरेची दुसरी. दोघींच्या वाटा वेगळ्या. या भीतीपोटी लोक सडकी दाढ वर्षानुवर्षं तोंडात सांभाळतात आणि पू होईपर्यंत थांबतात.

सियाचीनवर दाब हळूहळू कमी होतो, त्यामुळे तिथली अडचण वेगळी. काही चौक्या 18,000 फुटांच्याही वर आहेत आणि हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर येत नाही. खाली अर्ध्या तासात उपसून टाकता येईल असा दाढेतला पू तिथे वेदनाशामक गोळ्यांवर किती दिवस काढायचा? म्हणून वर जाण्याआधीच संशयास्पद दात भरून किंवा काढून टाकलेला बरा. वैमानिकाची वरची दाढ काढली तर तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहिलं नाही ना हे पाहतात, आणि जखम भरेपर्यंत त्याला उडू देत नाहीत.

प्रवासी विमानात आतला दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवर असावा एवढा राखलेला असतो. तरीही पुणे-दिल्ली प्रवासात एखादी दाढ ठणकली, तर ती चढताना ठणकली की उतरताना, हे दंतवैद्याला जरूर सांगा.