पार्श्वभूमी : वॉशिंग मशीन वाजवतं ते गाणं

एका कोरियन कंपनीचं वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की एक चाल वाजवतं. ती ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या 'डी फोरेले'ची, म्हणजे ट्राउट माशावरच्या गाण्याची, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्या गाण्याचे शब्द कैदेत लिहिले गेले, हे तितकं सांगितलं जात नाही.

कवीचं नाव शूबार्ट. नाव सारखं, पण शूबर्टशी नातं काही नाही. हा पत्रकार आणि संगीतकार. व्युर्टेंबर्ग या जर्मन संस्थानाचा सत्ताधीश असलेल्या ड्यूकचा कारभार आणि खासगी आयुष्य या दोन्हींवर त्याने झोड उठवली होती. तो ड्यूकच्या हद्दीबाहेर उल्म शहरात राहायचा, म्हणून १७७७मध्ये त्याला भुलवून हद्दीत आणलं आणि खटल्याशिवाय होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात दहा वर्षं डांबलं. कविता तिथलीच, १७८२-८३च्या सुमाराची. झऱ्याचं पाणी नितळ आहे तोवर मासा गळाला लागत नाही. मग गळ टाकणारा चिडून पाणी गढूळ करतो आणि मासा सापडतो. काठावरचा कवी बघत राहतो.

मूळ कवितेत चौथंही कडवं आहे. त्यात तरुण मुलींना बजावलंय की गळ घेऊन बसलेल्या पुरुषांपासून जपा. शूबर्टने १८१७च्या आसपास चाल लावताना ते गाळलं, आणि वाद आहे तो ते का गाळलं यावरच. काहींच्या मते मुलींना केलेला उपदेश हा तुरुंगाधिकाऱ्यांची नजर चुकवण्यासाठी घेतलेला बुरखा होता. शूबर्टने तो काढला आणि फसवून पकडलेल्या माणसाची गोष्ट उघडी केली. ऐकायला छान, पण शूबर्टच्या मनात कवीची कैद होती असं धरून चालायला आधार नाही. व्हिएन्नाच्या सेन्सॉरच्या धाकाने कडवं गाळलं म्हणणं तर आणखीच लंगडं. नीतिपाठ देणाऱ्या कडव्याला सेन्सॉर कशाला हरकत घेईल?

कारण संगीतातच शोधावं. पहिल्या दोन कडव्यांना एकच चाल, खाली पियानोत पाण्याची खळखळ. तिसऱ्यात पाणी गढूळ होताच ती खळखळ मोडते, सूर काळवंडतो, आणि मासा पकडला गेल्यावर पहिली चाल परत येते. गाणं तिथे पुरं होतं. त्यावर उपदेश चढवला असता तर सगळंच फसलं असतं. किंमत मात्र मोजावी लागली: मुली गेल्या, उरला तो नुसता हळहळणारा बघ्या.

१८१९मध्ये ऑस्ट्रियातल्या श्टायर गावच्या एका चेलो वाजवणाऱ्या धनिक रसिकाच्या आग्रहावरून हीच चाल शूबर्टच्या पियानो पंचकात, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेत, आली. ते छापलं गेलं शूबर्टच्या मृत्यूनंतर. १९६९मध्ये लंडनला झालेल्या या पंचकाच्या मैफलीवर फिल्म निघाली. तीत डबल बेस वाजवतोय मुंबईत जन्मलेला एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक.

मशीनची चाल शब्दांविना आहे, आणि गढूळ पाण्याचा भाग तीत येतच नाही. २०२४मध्ये एक जण इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत गेम खेळत होता. तेवढ्यात त्याचं मशीन वाजलं, आणि त्याच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा लागला. शूबर्ट १८२८मध्ये गेला, त्यामुळे चालीवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. कुणीतरी मशीनचा आवाजच स्वतःचं गाणं म्हणून नोंदवून ठेवला होता, आणि संकेतस्थळाच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने तो जुळवला. बभ्रा झाल्यावर दावा काढून टाकण्यात आला.