घोड्याच्या चंदीतील जवस (कोकण किनारा)

जवस किंवा अळशी (लायनम युसिटॅटिसिमम) हे गळिताचे धान्य घोड्याच्या चंदीत (रोजच्या खुराकात) पूरक म्हणून दळून किंवा उकळून मिसळतात. विदर्भ-मराठवाड्यातले हे रब्बी पीक कोकणात फारसे होत नाही. ते बाजारातूनच आणावे लागते. अलिबाग, काशीद, मुरूडच्या पुळणीवर सवारीसाठी उभे असणारे घोडे, ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या घोडागाड्यांचे घोडे आणि घाटमाथ्याजवळच्या माथेरानचे टट्टू यांच्या संदर्भात ही नोंद आहे.

दाण्यात सुमारे 40 टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3. हेच आम्ल हिरव्या गवतात असते. गवत वाळले की त्याचा बराच भाग नष्ट होतो. कोकणातल्या घोड्याच्या बाबतीत जवसाचे महत्त्व इथे आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे हिरवा चारा मुबलक असतो. फेब्रुवारीपासून मात्र वाळके गवत आणि भाताचा पेंढा यांवर भागवावे लागते, आणि पर्यटकांच्या गर्दीमुळे उन्हाळ्यातच घोड्याचे काम वाढते. तेव्हा पैसे मोजके असतील, तर जवस वर्षभर थोडाथोडा देण्यापेक्षा या चार महिन्यांत नेमाने द्यावा. तेलातून मिळणारी ऊर्जा पचताना इतर धान्याच्या मानाने शरीरात कमी उष्णता निर्माण होते, हा दमट उन्हात आणखी एक फायदा.

अख्खा दाणा गुळगुळीत आणि टणक असल्याने बराचसा तसाच लिदीत पडतो, म्हणून तो दळावा लागतो. दळलेला जवस हवेने खवट होतो आणि किनाऱ्यावरच्या उकाड्यात तर फार लवकर. रोजच्या पुरताच मिक्सरवर फिरवावा. चिमूटभर पूड तळहातावर चोळून हुंगली की कळते: ताजी पूड शेंगदाण्यासारखी गोडूस लागते, बिघडलेलीला तैलरंगाचा वास येतो. तशी पूड टाकूनच द्यावी. घोडाही बहुधा तोबऱ्यातून तोंड काढतो.

साधारण 450-500 किलोच्या घोड्याला दिवसाला 100 ते 250 ग्रॅम पूड देतात. अडीचशे-तीनशे किलोच्या टट्टूला त्याच्या निम्मी पुरे. एका चमच्यापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत मापावर यावे. घोड्याला पित्ताशय नसते. पित्त सतत झिरपत असल्याने तो तेल पचवतो, पण एकदम वाढवले की लीद पातळ होते. केसांवरची तकाकी दिसायला दीड-दोन महिने लागतात.

जवसात सायनाइड मोकळे करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. कोमट पाण्यात दाणे तासन्‌तास भिजत ठेवले की दाण्यातलेच विकर (एन्झाइम) ती फोडते. बोटांना तारा सुटतील असा तो बुळबुळीत लगदा पौष्टिक वाटतो, पण जुन्या सवयीने असे भिजवणे मोडायलाच हवे. उकळायचाच असेल तर दाणा थेट उकळत्या पाण्यात टाकावा आणि झाकण उघडे ठेवावे. कोरडी ताजी पूड ठरल्या मापात सुरक्षित मानली जाते.

बारीक चावऱ्या माशांच्या (क्युलिकॉइडिस) चाव्याने आयाळ आणि शेपटीच्या मुळाशी सुटणारी खाज दमट हवेत नेहमीची. 2002 साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 6 घोड्यांना 42 दिवस जवस दिल्यावर माशीच्या अर्काने त्वचेवर उठणारी गांध लहान झाली. सहाच घोडे होते, म्हणून हा उपचार ठरत नाही. संध्याकाळी तबेल्यात धूर आणि जाळी लागतेच.

सर्वांत दुर्लक्षित बाब कॅल्शियमची. जवसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दुपटीहून जास्त असतो. गव्हाच्या कोंड्यात तर कितीतरी पट, आणि पेंढ्यातले ऑक्झलेट असलेले कॅल्शियमही अडवते. कोंडा, पेंढा आणि वर जवस अशी चंदी महिनोन्‌महिने चालली तर हाडांतले कॅल्शियम ओढले जाते, जबड्याची हाडे सुजतात, घोडा लंगडतो. कोंडा कमी करून पशुवैद्याच्या सल्ल्याने कॅल्शियमचे पूरक द्यावे.

पुळणीवर खाली टाकलेल्या चाऱ्याबरोबर घोड्याच्या पोटात वाळू जाते आणि पोटशूळ उठतो. जवसाचा चिकटा ती वाळू बाहेर काढतो अशी समजूत आहे, पण त्यावर विसंबू नये. चारा जमिनीवर न टाकता घमेल्यात घालावा. क्रिकेटच्या बॅटीला किंवा लाकडाला लावायचे अळशीचे तेल घोड्याला कधीही देऊ नये. लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात.