बारा तास थांबलं की माल जास्त निघतो? नाही ओ

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत अजून सगळे हेच धरून बसलेत की कामगार बारा तास कामावर थांबला तरच प्रॉडक्शन वाढतं, पण तसं होत नाही ओ. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांचे आकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकाव्हेल यांनी २०१४ मध्ये परत तपासले, आठवड्याला साधारण ५० तासांनंतर तासामागचं काम घसरत जातं आणि ७० तास राबलेल्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हताच. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) शेवटच्या दोन तासात बघा, माप घ्यायचा मायक्रोमीटर नीट वाचला जात नाही, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाचं सेटिंग चुकतं, जॉब (बनवलेला पार्ट) रिजेक्ट. सुपरवायझरनं एकदा तासावारी रिजेक्शन लिहून बघावंच. आणि तब्येतीचं तर विचारूच नका, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केलं तर ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त, हे जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं (आयएलओ) २०२१ ला सांगितलंय.