पायलट आणि एटीसी यांच्यातला गैरसमज (गर्दीत विमान उतरताना)

विमानतळावर एकामागून एक विमानं उतरायला लागली की कधीकधी एटीसीचा (विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाचा) माणूस, म्हणजे कंट्रोलर, सांगतो एक आणि पायलटच्या कानात शिरतं भलतंच, आणि तरी दोघांनाही वाटतं की बोलणं नीट झालं. त्यालाच इथे गैरसमज म्हटलंय. ऐकूच आलं नाही तर फारसं बिघडत नाही, पायलट "से अगेन" म्हणतो, कंट्रोलर परत सांगतो, चार सेकंद जातात. घात होतो तो कळलं असं वाटल्यावर.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा विषय निघाला की पहिलं बोट इंग्रजीकडे जातं. साहजिक आहे म्हणा, घरात मराठी, सरकारी ऑफिसात कन्नड, बँकेत हिंदी असा रोजचा कारभार असलेल्या माणसाला बोलण्यात घोटाळा झाला म्हणजे भाषेचाच असणार असं वाटतं. पण ही समजूत अर्धीच खरी. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरायला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ नंबरचं विमान डोंगराला धडकलं आणि ९२ माणसं गेली, तिथे पायलटही अमेरिकन आणि कंट्रोलरही अमेरिकन. कंट्रोलरने "क्लिअर्ड फॉर ॲप्रोच" (उतरायच्या वाटेला लागायला परवानगी) म्हटलं, त्याच्या मते उंची सांभाळणं पायलटचं काम, आणि पायलट समजले की आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, नाहीतर कंट्रोलरने सांगितलं नसतं का. शब्द दोघांनाही कळले होते, एकमेकांनी काय गृहीत धरलंय ते कळलं नाही.

गर्दीत हे जास्त का होतं तर सगळी विमानं रेडिओच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांना नुसती किंचाळल्यासारखी शिट्टी ऐकू येते आणि ज्यांनी बटण दाबलंय त्यांना पत्ताही नसतो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकून ५८३ जण गेले, तिथे टॉवरचं "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचं "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" ही दोन्ही वाक्यं अशीच एकमेकांवर आदळली होती. हा अपघात उड्डाणाच्या वेळचा, पण रेडिओचा दोष तोच.

फ्रिक्वेन्सी भरलेली असली की कंट्रोलर दिशा, उंची, स्पीड सगळं एका दमात सांगून टाकतो आणि पायलटचे हात त्याच वेळी फ्लॅप, चाकं, चेकलिस्टमध्ये गुंतलेले असतात. त्यात एकाच कंपनीची २१५ आणि २५१ अशा नंबरांची दोन विमानं रांगेत असली तर एकाचा निरोप दुसराच उचलतो. म्हणून हल्ली बऱ्याच कंपन्या नंबरात अक्षरं मिसळतात.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे रीडबॅक. कंट्रोलरने सांगितलेली धावपट्टी, उंची, दिशा पायलटने परत म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती कान देऊन ऐकायची. कागदावर पक्कं वाटतं पण यात एक भोक आहे, रीडबॅक बरोबर असेल तर कंट्रोलर बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, आणि पायलट त्या गप्प बसण्याचा अर्थ "बरोबर" असा घेतो. पण कंट्रोलर तोवर पुढच्या विमानाकडे वळलेला असू शकतो. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगर ६६ या मालवाहू जंबोला २,४०० फुटांवर या असं सांगायचं होतं. कंट्रोलर म्हणाला "डिसेंड टू फोर झिरो झिरो", पायलटला तो 'टू' म्हणजे दोनचा आकडा वाटलाच नाही, नुसतं "पर्यंत" वाटलं, आणि त्याने उत्तर दिलं "ओके, फोर झिरो झिरो". म्हणजे ४०० फूट. कोणी अडवलं नाही, विमान टेकडीवर गेलं, आतले चौघेही गेले. नियमाप्रमाणे तिथे "टू थाउजंड फोर हंड्रेड" म्हणायला हवं होतं.

आकड्यांची ही भानगड आपल्याकडच्यांना समजावून सांगावी लागत नाही, मोबाईल नंबर देताना पंचवीस म्हटलं की कन्नड बोलणारा बुचकळ्यात पडतो आणि एकोणचाळीस म्हटलं तर आपलीच पोरं, म्हणून दुकानात सगळे एकेक आकडा सुटा सांगतात. रेडिओवरही दिशा आणि धावपट्टी तशीच सुटी सांगतात, शिवाय थ्रीला "ट्री", फाइव्हला "फाइफ" आणि नाइनला "नायनर" म्हणायचा नियम आहे, म्हणजे खरखरीत आवाजातही फाइव्ह-नाइनची गल्लत होऊ नये. "रॉजर" म्हणजे होकार असं सिनेमामुळे लोकांना वाटतं, त्याचा अर्थ फक्त "तुमचं ऐकलं" एवढाच, करतो म्हणायचं तर "विल्को".

दुसरा प्रकार भिडेचा, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तोच. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियांका ५२ खराब हवा आणि गर्दीमुळे तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटं घिरट्या घालत राहिलं. को-पायलटने "प्रायॉरिटी" मागितली, "मेडे" (जिवावरच्या संकटाची ठरलेली हाक) किंवा "इमर्जन्सी" हे शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत आले नाहीत. पहिल्यांदा उतरणं फसल्यावर कॅप्टनने त्याला इमर्जन्सी सांग म्हटलं, तर हा कंट्रोलरच्या सूचनेला होकार देत देत शेवटी जोडतो की इंधन संपत आलंय. दिवसभर सगळेच पायलट इंधनाची कुरकुर करतात, कंट्रोलरला त्यात वेगळं काही जाणवलं नाही, पुढच्या फेरीसाठी विमान लांब पाठवलं, त्यावर यांनी वर थँक यू म्हटलं. थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद. ७३ जण गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती त्याहून महाग पडली. आता त्यासाठी "मिनिमम फ्युएल" आणि "मेडे फ्युएल" असे ठरलेले शब्द आहेत.

भारतातलं उदाहरण हरियाणातल्या चरखी दादरीचं, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीला उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, निघालेलं सौदी विमान १४,००० वर होतं, कझाक विमान खाली आलं आणि दोन्हीतले मिळून ३४९ जण गेले. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि उडवणारे वेगळे होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट एकच होती, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. इथे भाषेचा वाटा होता हे मान्य करायला हवं. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं झालं.

आपल्या सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा, विमानतळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधला, नवं टर्मिनल २०१७ चं. विमानं मोजकीच, त्यामुळे रांगेतली धांदल इथे क्वचित. पण म्हणून सांबरा निर्धास्त असं नाही, शिकाऊ पायलटांची छोटी हळू विमानं आणि प्रवासी विमान एकाच फ्रिक्वेन्सीवर आलं की शिकणाऱ्याला रीडबॅक करायला वेळ लागतो आणि मागचा खोळंबतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की घिरट्या, मग दुसरीकडे वळवणं, हे सगळं परत रेडिओवरच. आणि सकाळी इथून निवांत निघालेलं विमान तासाभराने बेंगळुरूला दोन समांतर धावपट्ट्यांच्या गर्दीत शिरतं, तिथे "लेफ्ट" आणि "राइट" एवढ्या एका शब्दावर धावपट्टी बदलते. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच चालते आणि सगळी रांग तिच्यावरच.

बोलण्याऐवजी मजकूर पाठवायची सीपीडीएलसी ही सोय आता आली आहे, समुद्रावरून लांब जाणारी विमानं ती वापरतात. उतरताना मात्र ती कामाची नाही, टाइप करून, वाचून, उत्तर देईपर्यंत विमान दोन मैल पुढे गेलेलं असतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात अजूनही आवाजावरच भिस्त आहे.